अठ्ठेचाळीस बोल्टांची वाटी

मिस्त्री दातानं ऐकायचे. त्यांच्याकडे बाभळीची हातभर लांब, बोटाएवढी जाड काडी होती. मशीन सुरू झालं की काडीचं एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, दुसरं दाढेत धरायचं आणि डोळे मिटायचे. उजवा कान कधीच गेला होता, डावा निम्मा उरला होता. दात मात्र साठीतही शाबूत होते आणि बेअरिंगमधली कुरकुर दातातून थेट डोक्यात पोचते, असं त्यांचं म्हणणं होतं. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा मशीनजवळ उभा राहून दातण करतोय. कोणी हसलं तर मिस्त्री काडी त्याच्यापुढे धरत. "घे, चाव. काय आयकू येते ते सांग." उष्टी काडी कोण चावणार? हसणं तिथंच थांबायचं.

मलकापूरच्या एमआयडीसीतली आमची कंपनी म्हणजे दोन शेड, मागं मोकळं आवार आणि पुढं शेठचं काचेचं ऑफिस. एका बाजूला सरकीच्या तेलाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचे पाइप करणारे. आम्ही पेरणीयंत्रं करतो, डाळमिलचे पंखे करतो, आणि दसऱ्याच्या पुढं-मागं सोयाबीन निघायला लागलं की थ्रेशर. आमचं गिऱ्हाईक जिल्ह्यातलंच. राजकोटची मशीनं आमच्यापेक्षा दिसायला चांगली असतात, हे शेठ रोज बोलून दाखवायचे. मिस्त्री म्हणायचे, "ते रंगावर इकते, आपलं आवाजावर."

मी तिथं स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळते. मला यादीशिवाय काम करता येत नाही. घरचा किराणाही मी पाठकोऱ्या कागदावर खुणेच्या चौकटी आखूनच आणते. कंपनीत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी थ्रेशर बाहेर पाठवण्याआधीची एकवीस कलमांची तपासणी यादी केली. शेठ खूश झाले. मिस्त्रींनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि परत दिली. "चांगली हाये बाई. थ्रेशरले वाचता येते का पण?"

त्यानंतर जेवायच्या सुट्टीत एकच प्रश्न ठरलेला असे. मी डबा उघडला की ते लांबून विचारत, "पाहा बाई, भाजी हाये ना यादीत? नसली तं खाऊ नका."

त्यांची स्वतःची पद्धत वाटीची होती. थ्रेशरच्या आत फिरणाऱ्या ड्रमला चोवीस दाते असतात आणि प्रत्येक दात्याला दोन बोल्ट. म्हणजे एका ड्रमला अठ्ठेचाळीस. ते मी स्टोअरमधून मोजून एका स्टीलच्या वाटीत द्यायचे, भांड्यांच्या दुकानातली साधी आमटीची वाटी. एक ड्रम, एक वाटी, एक फिटर. फिटरनं ड्रम बांधला की वाटी बाकड्यावर उताणी ठेवून द्यायची. संध्याकाळी मिस्त्री बाकड्यावरून जात, प्रत्येक वाटीत बोट घालून आतून एक फेर मारत आणि मग ती पालथी घालत. डोळ्यांनी दिसत असताना बोट कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "डोळा सहा वाजता घरी गेलेला राह्यते." वाटी पालथी, म्हणजे ड्रम पुरा. पालथी घालायचा हक्क त्यांचा एकट्याचा. दुसऱ्या कुणी वाटीला हात लावला तर ते रागवत नसत; सगळ्यांसमोर तो ड्रम उघडायला लावत आणि बोल्ट पुन्हा मोजत.

खिशात त्यांच्या दोन वस्तू कायम असत. एक लहान कात्री आणि एक फडक्यात गुंडाळलेले नंबराचे ठसे, शून्य ते नऊ. मशीनच्या पाटीवर ठोकून नंबर उठवायचा तो त्यांनीच. नंबर नाही तर मशीन फाटकाबाहेर नाही.

कात्रीची गोष्ट शेडमध्ये अजून सांगतात. बँकेचे एक साहेब पाहणीला आले होते. गळ्यात ओळखपत्राची निळी फीत. आवारात थ्रेशरची चाचणी चालू होती आणि साहेब कौतुकानं आत डोकावायला वाकले. मिस्त्री मागून गेले, फीत धरली आणि कचकन कापली. ओळखपत्र साहेबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "लोंबते ते मशीनचं असते साहेब." शेठ त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले, ते ऐकण्यासारखं नव्हतं. मिस्त्रींनी बहिरा कान पुढे केला होता.

थ्रेशरमध्ये पीक टाकायच्या तोंडाशी, वीतभर अलीकडे, ते स्वतः ब्रशनं एक लाल पट्टी ओढत. त्या पट्टीच्या आत गेलेला हात आपला नाही, असं प्रत्येक नव्या माणसाला सांगत. चालत्या ड्रमच्या तोंडासमोर ते स्वतः कधी उभे राहिले नाहीत, दुसऱ्याला राहू दिलं नाही. पीक टाकायचं तर फळीवर, बाजूला उभं राहून. आणि ज्यानं ड्रम बांधला त्यानंच मशीनला पहिला घास द्यायचा. घास म्हणजे कवेत मावेल एवढं वाळलं सोयाबीन. शेजारच्या ड्रमचा घास दुसऱ्यानं दिलेला चालत नसे. "सैपाक करनाऱ्यानं आधी खाऊन पाहावं," एवढंच स्पष्टीकरण.

त्यांचं घर, गाव, तरुणपण यांतलं मला फार ठाऊक नाही. आधी कुठं काम करत होते, हा ध्यास कशापायी लागला, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला बेअरिंगचा स्टॉक विचारला. दोन वर्षांपूर्वी ते काम सोडून नांदुऱ्याकडच्या आपल्या गावी गेले. जाताना ठशांचं फडकं माझ्या टेबलावर ठेवलं. ते फडकं मिस्त्रींनी माझ्याकडे का दिलं, याचं शेडमध्ये सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. त्याचं कारण पुढं आहे.

ते गावी जायच्या आधीची गोष्ट. ऐन हंगामात मिस्त्रींनी एक दिवस सुट्टी घेतली. बायकोचा मोतीबिंदू दाखवायला अकोल्याला जायचं होतं. त्या दिवशी तीन ड्रम बांधून झाले, तीन फिटरांचे. आवारात तिघांनी आपापला घास दिला, मशीनं नीट चालली. मी यादीवर खुणा केल्या. सहा वाजता शेड बंद करताना बाकड्यावर तीन वाट्या उताण्या दिसल्या. मला पसारा बघवत नाही. मी वाट्या उचलल्या. एकीच्या तळाशी एक बोल्ट होता. माझ्याकडूनच एक जास्त गेला असेल, असं मला वाटलं. वाटलं नाही, मी तसं मानून घेतलं. बोल्ट त्याच्या खणात टाकला, वाट्या धुतल्या आणि एकीवर एक पालथ्या रचून ठेवल्या. कोणती वाटी कोणाची, हे त्या रचण्यात गेलं.

सकाळी मिस्त्री आले तेव्हा तिन्ही मशीनं ट्रकवर चढली होती आणि ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. काडी लावायची तर मशीन उतरवून ट्रॅक्टरला जोडायला हवं होतं. मिस्त्री ट्रककडे गेलेच नाहीत. ते रचलेल्या वाट्यांपाशी उभे होते.

"ह्या कोनं पालथ्या घातल्या?"

"मी घातल्या."

"खाली होत्या तिन्ही?"

शेठ काचेतून बघत होते. "हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग फडकं सोडलं, ट्रकवर चढले आणि तिन्ही मशीनांवर नंबर ठोकले. माझ्या शब्दावर. हातोडीचा प्रत्येक ठोका मला ऑफिसात ऐकू येत होता.

शनिवारी सकाळी मी खण मोजते. ही माझीच पद्धत, कोणी लावून दिलेली नाही. त्या शनिवारी रजिस्टरपेक्षा खणात एक बोल्ट जास्त भरला. मी पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. मी खरंच एकोणपन्नास दिले असते, तर तो एक परत टाकल्यावर आकडा जुळला असता. एक जास्त आहे याचा अर्थ मी अठ्ठेचाळीसच दिले होते आणि एका ड्रमला सत्तेचाळीस लागले होते. एका बोल्टावरचा दाता लगेच निघत नाही. तास-दोन तास काम देतो, मग कलतो, मग सुटतो. सुटला तर बाहेर यायला वाट एकच, तोंडाची. तिथं पीक टाकणारा माणूस उभा असतो.

ट्रक जाऊन दोन दिवस झाले होते आणि बाहेर ऊन चांगलं पडलं होतं. सगळ्या जिल्ह्यात मळणी सुरू होती.

मिस्त्री बशीतून चहा पीत होते. मी बोल्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, "हो" म्हटल्यासकट. त्यांनी बशी खाली ठेवली.

"कोनत्या वाटीतला?"

"माहीत नाही."

"फोन नंबर हायेत ना तिघायचे?"

ते होते. माझ्या यादीत ते पहिलं कलम आहे.

मोताळ्याकडच्या शेतकऱ्यानं मशीन बंद करून, ढक्कन उघडून मोजले. अठ्ठेचाळीस. नांदुऱ्याकडच्यानं मशीन अजून जोडलंच नव्हतं. त्याच्या भावानं मोजले, फोन चालू ठेवून, एकेक मोठ्यानं म्हणत. अठ्ठेचाळीस. तिसरं मशीन हिवरा आश्रमाच्या पुढं, मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं होतं. तो फोन लागेना. यादीत बघितलं, फिटर दिनकर.

शेठना मिस्त्रींनी बोल्ट राहिल्याचं सांगितलं, वाटी कोणी उचलली ते सांगितलं नाही. शेठ म्हणाले की आज धावत गेलात तर मेहकर तालुक्यात आपलं मशीन पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, सोमवारी फुकट सर्व्हिसच्या नावानं माणूस पाठवू. शिवाय ज्याची चूक तो सोमवारपासून घरी बसेल. शेडमध्ये सहा मशीनं नंबरासाठी थांबली होती आणि ट्रक दुपारी येणार होता. मिस्त्रींनी ठशांचं फडकं खिशातून काढून शेठना दाखवलं आणि परत खिशात घातलं. "मी येईस्तोर नंबर पडत नाही," म्हणाले आणि चालायला लागले. मी माझी पर्स घेतली. बोल्ट त्यात टाकला, त्या मशीनच्या यादीचा कागदही.

गाडी दिनकर चालवत होता. मी मध्ये, मिस्त्री खिडकीशी. दिनकर तिशीतला, घरात एकटा कमावता. दर दहा मिनिटांनी मी फोन लावत होते. बंद. बंद. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुठं ना कुठं थ्रेशर चालू होता आणि प्रत्येक भुश्याच्या लोटाबरोबर मी फळीवर कोण उभं आहे ते बघत होते. मिस्त्री काडी मांडीवर आडवी धरून समोर बघत होते. त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. घेणारही नव्हते, हे मला मोताळ्यापर्यंत कळलं होतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

राजूर घाट चढताना दिनकर म्हणाला, "मिस्त्री, मी वाटीत पाह्यलं होतं हो. मले वाटते पाह्यलं होतं. दिसला असता तं लावला नसता का मी?"

मी म्हटलं, "दिनकर, वाटीत बोल्ट होता. तो मी उचलून खणात टाकला. मिस्त्रींनी विचारलं तेव्हा वाटी रिकामी होती म्हणून सांगितलं."

एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"तं दोन दिवस काऊन नाही बोलल्या ताई?"

मिस्त्रींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्याले बोल्ट इसरला. मानूस हाये, इसरते. म्हनून तं वाटी ठेवली. तुमी ते वाटी पुसली बाई." मग दिनकरला म्हणाले, "समोर पाह्य. घाट हाये."

बुलडाणा, चिखली. हिवरा आश्रमाच्या चौकात वाट विचारली. डावीकडं कच्चा रस्ता, मग नाला, मग शेत. नाल्यापाशी मिस्त्रींनी दिनकरला गाडी बंद करायला सांगितली. डावा कान खिडकीबाहेर काढला. मलाही ऐकू आला, लांबवर एक थ्रेशर. मला तो नेहमीसारखाच वाटला. मिस्त्रींचा चेहरा बदलला.

"चालव. दाता हालून राह्यला."

आमचंच मशीन होतं, नवा निळा रंग उन्हात चमकत होता. फळीवर एक बाई उभी होती, चाळिशीची, डोक्याला कपडा घट्ट बांधलेला. खालून दोघी सोयाबीन उचलून देत होत्या आणि ती मशीनच्या तोंडात सारत होती. ट्रॅक्टरजवळ तिचा नवरा. आम्ही हात हलवले. त्याला वाटलं आम्ही रामराम घालतोय, त्यानंही हात हलवला.

गाडी थांबायच्या आत मिस्त्री उतरले. धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आधी ट्रॅक्टरकडे गेले आणि इंजिन बंद करायची दांडी ओढली. पण इंजिन बंद झालं तरी ड्रम लगेच थांबत नाही, आपल्या वजनानं फिरत राहतो. मशीन अडलं असं वाटून ती बाई आणखी जवळ वाकली. मिस्त्री फळीवर चढले, तिला दंडाला धरून मागं लोटलं आणि तिच्या जागी तोंडाकडे पाठ करून उभे राहिले. चालत्या ड्रमच्या तोंडासमोर. हात दोन्ही बाजूंना टेकवून, अख्खं तोंड अंगानं झाकून.

ड्रम थांबायला किती वेळ लागतो हे माझ्या यादीत लिहिलेलं नाही. आतून खट, खट असा आवाज येत होता, प्रत्येक फेऱ्याला एक. मी तो मोजत होते, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. अठरा मोजले. मग आवाज थांबला आणि मिस्त्री खाली उतरले. शर्ट पाठीला चिकटला होता.

बाईचा नवरा चिडून आला. आभाळाचा भरोसा नाही, ट्रॅक्टर भाड्याचा, मजूर उभे, आणि हे कोण मशीन बंद करणारे? दिनकरनं ढक्कन उघडलं. अकरावा दाता तिरपा झाला होता. त्याचा एकुलता बोल्ट अर्धा बाहेर आला होता, नट कुठंच नव्हता. नवऱ्यानं दात्याला बोट लावलं, दाता हलला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"आमच्याकून राह्यला," मिस्त्री त्याला म्हणाले. "कंपनीची चूक. तुमची नाही, ट्रॅक्टरवाल्याची नाही."

ती बाई फळीच्या कडेला बसली होती, दंड चोळत. "लय जोरात लोटलं बाबा तुमी," ती म्हणाली. मिस्त्रींनी हात जोडले.

दिनकर पाना घेऊन पुढं झाला. मिस्त्रींनी पाना त्याच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढं धरला. मी पर्स उघडली. बोल्ट बसवला, दिनकरच्या पेटीतला लॉकनट फिरवला, आवळला. जुना बोल्टही नव्या नटानं आवळला. हाताला वंगण लागलं. दिनकरनं उरलेले एकेक मोठ्यानं मोजले. अठ्ठेचाळीसावा आकडा आम्ही तिघांनी एकदम म्हटला. ढक्कन लागलं. ट्रॅक्टर सुरू झाला, ड्रमनं वेग घेतला.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "ड्रम तुमी पुरा केला. घास तुमी द्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. मी बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या, ओढणी सोडून त्या बाईच्या हातात दिली आणि फळीवर चढले. मशीन पायाखाली थरथरत होतं. अकरा वर्षं मी या मशीनांच्या याद्या केल्या होत्या; तोंडाशी एकदाही उभी राहिले नव्हते. आतून वारा येतो, गरम, भुश्याच्या वासाचा, आणि माणसाला आत ओढल्यासारखं वाटतं. मजुरणीनं सोयाबीन माझ्या कवेत दिलं. शेंगा हाताला टोचत होत्या. समोर लाल पट्टी. मी बाजूला सरकून, पट्टीच्या अलीकडून घास सारला. मशीननं तो एका दमात ओढला आणि खालच्या टोपल्यात दाणे पडल्याचा आवाज आला.

पलीकडं मिस्त्रींनी काडी बेअरिंगवर टेकवली होती. दाढेत धरून, डोळे मिटून. मी फळीवरच उभी राहिले. त्यांनी डोळे उघडेपर्यंत मला उतरता येत नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. आणखी एक घास दिला. आणखी एक. मग त्यांनी काडी काढली, शर्टाला पुसली आणि मान हलवली.

"आता करा तुमच्या यादीवर खून," ते म्हणाले.

सोमवारी शेठच्या टेबलावर मी सगळं लिहून ठेवलं, सहीसकट. बोलणी भरपूर बसली, पण दिनकर कामावर राहिला आणि मीही राहिले. यादी आता बावीस कलमांची आहे; बाविसावं वाटीचं. वाट्यांना आजही सहा वाजता मी हात लावते, पण बोट घालून, आतून एक फेर मारून, मगच.

त्या मशीनचा कागद फाईलला आहे. शेतात पर्सवर ठेवून केलेली खूण आहे ती. पर्स मऊ, पेन घसरलं आणि ती चौकटीत बसली नाही. शेजारच्या दोन कलमांवरून पुढं गेली आहे. वंगणाचं बोटही उठलं आहे. माझ्या सगळ्या फाईलींत तेवढा एकच कागद घाण आहे. तो मी पुन्हा स्वच्छ लिहून काढलेला नाही.